५० मिमी १.८ ला डोळा सोडून कानच शार्प येतोय, लेन्स खराब आहे की मीच?

कोवळं_ऊन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, सांभाळून घ्या. आठ महिन्यांपूर्वी डीएसएलआर घेतला, क्रॉप सेन्सरवाला (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सर), एंट्री लेव्हलचाच, आणि किट लेन्सचा कंटाळा आला म्हणून गेल्या महिन्यात ५० मिमी १.८ घेतली. सगळे म्हणत होते पोर्ट्रेटला हीच घे, मागचं सगळं कसं विरघळून जातं. विरघळतं खरं, पण इथे डोळेपण विरघळतायत त्याचं काय करू.

रविवारी आजीला खिडकीपाशी बसवून चाळीस फोटो काढले. उभे फोटो, नुसता चेहरा आणि खांदे, मी साधारण एक मीटरवर, आजीचा चेहरा जरासा खिडकीकडे वळलेला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसत होते. कॉम्प्युटरवर उघडले आणि तोंडच पडलं. चाळीसातले नऊ बरे म्हणायचे. त्यातला जो मला सगळ्यात जास्त आवडला होता, आजी हसायच्या बेतात आहे तो, त्यात चष्म्याची काडी कानावर टेकते तिथला केसन् केस मोजून घ्यावा इतका शार्प आणि डोळे मात्र धुक्यात.

सेटिंग सांगते. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक मी ठरवते, शटर कॅमेरा), १.८ म्हणजे भोक पूर्ण उघडं, आकडा वाढला की भोक लहान, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ४००, शटर १/८० सेकंदाच्या आसपास येत होता. फोकसला मधला एकच पॉइंट ठेवते, तो डोळ्यावर नेते, हाफ प्रेस करते, टिट वाजलं की कॅमेरा हलवून फ्रेम लावते आणि क्लिक.

आता एक मित्र म्हणतो लेन्सला बॅक फोकस आहे, म्हणजे फोकस दर वेळी मागेच पडतो, दुरुस्तीला टाक. दुसरा म्हणतो ८ वर काढ, सगळं शार्प येतं. मग १.८ घेतली कशाला मी? नक्की कुठल्या ॲपर्चरला काढायचं आणि फोकस कुठे करायचा, कोणीतरी नीट सांगा, डोकं फिरायची वेळ आलीये.

झटपट

२.८ करा. शटर वाढवा. विषय संपला.

तिसरा_डोळा

झटपटरावांनी उत्तर दिलंय आणि ते चूक नाही, पण का ते कळलं नाही तर पुढच्या रविवारी परत इथेच याल म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

ताई, आधी लेन्सला दोष देणं थांबवा. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा प्रकार आहे हा, निदान पुरावा मिळेपर्यंत तरी. तुम्ही स्वतःच एक फार महत्त्वाची गोष्ट लिहिलीये, की कानाजवळचे केस शार्प आहेत. म्हंजे फोटो हललेला नाही, फोकस गेलाय, आणि गेलाय तो मागे गेलाय. आता किती मागे गेलाय ते बघू.

क्रॉप सेन्सर, ५० मिमी, १.८ आणि एक मीटर अंतर, एवढ्यात डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढी पट्टी शार्प दिसते ती, मिळते सगळी मिळून साधारण २.७ सेंटीमीटर. अर्धी डोळ्याच्या पुढे, अर्धी मागे. म्हणजे बुबुळावर फोकस बरोब्बर बसला तरी नाकाचा शेंडा सॉफ्टच येणार. आणि हा आकडा सुद्धा फोटो साध्या आकारात बघायचा असेल तेव्हाचा, कॉम्प्युटरवर शंभर टक्के झूम करून बघाल तर त्याहून बारीक पट्टीच खरी शार्प दिसेल. आता मोठ्या माणसाच्या डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर धरा सातआठ सेंटीमीटर. फोकस कानावर बसलाय म्हणजे तुमची चूक एवढी मोठी आहे.

मग ही चूक आली कुठून? लोक लगेच म्हणतील फोकस करून कॅमेरा फिरवला म्हणून. ते खरं आहे पण अर्धंच. कॅमेरा फिरवला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्याच्या थोडं मागे पडतं, भूमिती साधी आहे, अंतर गुणिले एक वजा कोसाइन. तुमच्या उभ्या फ्रेममध्ये डोळा मधोमध न ठेवता वरती घ्यायचा तर कॅमेरा सुमारे ७ अंश फिरवावा लागतो. एक मीटरवर त्याचे होतात सातसाडेसात मिलिमीटर. मिलिमीटर बरं का. तुमच्या २.७ सेंटीमीटरच्या पुढच्या अर्ध्या भागातला अर्धा खाऊन टाकला त्याने, म्हणजे काठावर आणून सोडलं, पण कानापर्यंत नाही नेलं. वाइड लेन्सने १५ अंश फिरवाल तर मात्र त्याच एक मीटरवर ३.४ सेंटीमीटर जातात, तिथे हे प्रकरण खरंच अंगाशी येतं.

बाकीचं काम दोन जणांनी केलंय. एक तुम्ही स्वतः. उभं राहून, श्वास रोखून, हाफ प्रेस धरून फ्रेम लावताना माणूस पुढेमागे डुलतो, दोनतीन सेंटीमीटर तर कळतही नाहीत, आणि समोरचं माणूसही हसताना पुढे येतं किंवा मागे रेलतं. दुसरा आरोपी चष्म्याची काडी. व्ह्यूफाइंडरमध्ये जो चौकोन दिसतो ना तेवढाच फोकस पॉइंट असतो असं समजू नका, खरा सेन्सर बऱ्याचदा त्या चौकोनापेक्षा मोठा असतो. आणि ऑटोफोकसला डोळा बिळा काही कळत नाही (साध्या पॉइंटच्या मोडमध्ये तरी), त्याला कळतो कॉन्ट्रास्ट. आजीचे केस पांढरे असणार आणि काडी काळी किंवा गडद, बरोबर? चेहरा वळलेला, काडी डोळ्याच्या बाजूनेच मागे गेलेली. एकीकडे सुरकुतलेली मऊ पापणी आणि शेजारी पांढऱ्यावर काळी कडक रेघ, कॅमेरा कुणाला धरेल सांगा.

तर करायचं काय. मधला पॉइंट सोडा आणि ज्या पॉइंटवर डोळा येतोय तोच पॉइंट निवडा, म्हणजे फिरवाफिरवी जवळजवळ बंद. कडेचे पॉइंट मधल्याइतके पक्के नसतात हे मान्य, एंट्री लेव्हलच्या बॉडीत बहुतेकदा मधलाच एक क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा धरणारा) असतो, पण चांगल्या उजेडात चालतात. टिट वाजल्यावर रेंगाळू नका, लगेच क्लिक. आणि एक मीटरवरून दीड मीटरवर या. त्याच १.८ ला दीड मीटरवर डेप्थ ६ सेंटीमीटरच्या वर जाते, दुपटीहून जास्त, आणि ॲपर्चरला हातही लावलेला नाही. शिवाय चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, ते पण सुटतं. फ्रेममध्ये चेहरा थोडा लहान येईल, येऊ द्या, क्रॉप करता येतं. (क्रॉप करून मोठा करून बघितला की यातली थोडी डेप्थ परत जाते, पण आधीपेक्षा बरीच बरी राहते.)

लेन्सची परीक्षा घ्यायचीच असेल तर तीही सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर. समोर टेबलावर एकसारख्या पाचसहा डब्या तिरक्या रांगेत, प्रत्येक डबी आधीच्यापेक्षा दोन सेंटीमीटर मागे. मधल्या डबीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून १.८ ला दहा फोटो, आणि प्रत्येक वेळी आधी फोकस रिंग फिरवून पार बिघडवून टाका, नाहीतर लेन्स जागची हलणारच नाही आणि परीक्षाच होणार नाही. मग तेच दहा फोटो लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा ऑटोफोकस वेगळ्या सेन्सरवर होतो, आरशाखाली असतो तो, आणि लाइव्ह व्ह्यूचा बहुतेक कॅमेऱ्यांत थेट मुख्य सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधली डबी शार्प आणि व्ह्यूफाइंडरमधून दहाच्या दहा वेळा मागची डबी शार्प, असं झालं तर तुमचा मित्र जिंकला. कधी पुढे कधी मागे असं झालं तर तो बॅक फोकस नव्हे.

कोवळं_ऊन

बापरे, केवढं लिहिलंत, मनापासून धन्यवाद! काडी काळीच आहे हो, तुम्ही बघितल्यासारखं लिहिलंय.

तुमचं वाचून एकतीसच्या एकतीस वाया गेलेले फोटो परत मोठे करून बघितले. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच रोगाचे नाहीयेत. अकरा फोटोंत कान किंवा केस शार्प. सहा फोटोंत उलट, नाकाचा शेंडा आणि चष्म्याची पुढची फ्रेम शार्प, डोळे सॉफ्ट. उरलेल्या चौदात काहीच शार्प नाही! ना नाक ना कान ना साडीचा काठ. ते कुठल्या खात्यात टाकू?

तिसरा_डोळा

त्या चौदातला एखादा उघडा आणि डोळ्यातला पांढरा ठिपका बघा, खिडकीचं प्रतिबिंब पडतं तो. ठिपका गोल किंवा चौकोनी राहून नुसता फुगीर झाला असेल तर फोकस, आणि ठिपक्याची रेघ झाली असेल तर हलला.

कोवळं_ऊन

रेघ! बाराच्या बारा, म्हंजे चौदातल्या बारा. तिरकी रेघ, सगळ्यांची साधारण एकाच दिशेला. म्हणजे मी बटण दाबताना कॅमेरा खाली ओढतेय??

तिसरा_डोळा

ओढताय. सगळेच ओढतात सुरुवातीला. बोट दाबायचं नसतं, गुंडाळायचं असतं बटणावर, हे हळूहळू जमतं. पण १/८० हा मुळात काठावरचा शटर आहे. जुना ठोकताळा म्हणजे शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ, क्रॉपवर ५० चे धरायचे ७५, त्यामुळे १/८० कागदावर पास. पण तो ठोकताळा तुमच्या हातापुरता, समोरचं माणूस बोलतंय हसतंय मान हलवतंय त्याचं काय? बसलेल्या माणसाला १/२०० च्या खाली जाऊ नका. ॲपर्चर प्रायॉरिटीत ऑटो आयएसओ लावा आणि मिनिमम शटर १/२०० किंवा १/२५० देऊन ठेवा, तुमच्या बॉडीत तो पर्याय नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये ऑटो आयएसओ लावा.

सहा पुढे आणि अकरा मागे, हे बघून आताच सांगतो लेन्स बहुतेक ठीक असणार. खराब लेन्स प्रामाणिक असते हो, दर वेळी एकाच बाजूला चुकते.

आरसाविरहित

एवढं सगळं करत बसण्यापेक्षा मिररलेस घ्या ना. आय एएफ (डोळा ओळखणारा ऑटोफोकस) लावा, डोळ्यावर आपोआप चौकोन येतो, फ्रेममध्ये कुठेही असो, मी तर १.४ वर सरसकट काढतो, नव्वद टक्के डोळे शार्प. आरशावाल्या कॅमेऱ्यात फोकस पॉइंट फिरवत बसायचे दिवस गेले.

जुनी_काच

आरसाविरहित, भावा, तिने विचारलं काय तू सांगतोस काय. गाडी चालवायला शिकवा म्हटलं तर ड्रायव्हर ठेवा म्हणून सांगण्यातला प्रकार. आणि आय एएफ डोळा शोधून देतं, डेप्थ वाढवून देत नाही. १.४ ला ते पापणीच्या केसावर बसलं की बुबुळ गेलंच की. चष्म्यावर प्रकाश चमकत असेल तर अजूनही कधी कधी काचेवर किंवा फ्रेमवर बसतं. चेहरा तिरका असेल तर कधी लांबचाच डोळा धरतं, मग जवळचा सॉफ्ट, आणि बघणाऱ्याला पहिला खटकतो तो जवळचाच. कुठला डोळा धरायचा ते निवडायची सोय असते, ती वापरतं कोण.

असो. मला वेगळंच बोलायचंय, तिच्या शेवटच्या प्रश्नावर, की मग १.८ घेतली कशाला.

पोरी, मागचं विरघळवणं हे एकट्या ॲपर्चरचं काम आहे हा जो समज पसरलाय ना, तो काढून टाक. लेन्सचं भोक किती मोठं हे महत्त्वाचं, ते म्हणजे फोकल लेंग्थ भागिले ॲपर्चरचा आकडा. ५० ला १.८ ने भागलं की २७.८ मिमी. खूप लांबचा एखादा दिवा घेतलास तर त्याचा धुरकट गोळा, ज्या चेहऱ्यावर तू फोकस केलायस त्या चेहऱ्याच्या मापात, बरोब्बर तेवढाच मोठा येतो, २७.८ मिमी. म्हणजे डोळ्याएवढा. पण मागची भिंत लांब नसून जवळ असेल तर गोळा लहान होतो, त्याचं गणित असं की भिंत माणसाच्या मागे जेवढी, त्याला कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतच्या अंतराने भागायचं आणि भोकाच्या मापाने गुणायचं.

आता करून बघ. आजी कॅमेऱ्यापासून दीड मीटर, मागे अर्ध्या मीटरवर भिंत, ॲपर्चर १.८. गोळा येतो साधारण ७ मिमी. तीच आजी, तेच दीड मीटर, पण खुर्ची पुढे ओढलीस आणि भिंत चार मीटर मागे गेली, आणि ॲपर्चर केलंस ४. भोक झालं साडेबारा मिमी, गोळा येतो ९ मिमी. एफ ४ ला पार्श्वभूमी १.८ पेक्षा जास्त धूसर! आणि चेहरा बोनसमध्ये नाकापासून कानापर्यंत जवळजवळ शार्प. खुर्ची सरकवायला काही लागत नाही. लोक १.८ ची १.४ करायला, १.४ ची १.२ करायला जीव टाकतात आणि माणसाला भिंतीला चिकटवून उभं करतात.

म्हणून माझा क्रम असा. आधी माणूस भिंतीपासून तोड. मग पार्श्वभूमीत काय आहे ते बघ, डोक्यातून खांब निघालाय का, खिडकीचा उजळ तुकडा कानामागे आलाय का. मग ॲपर्चर. एकट्याच्या चेहऱ्याला मी २.८ पासून सुरू करतो, चेहरा तिरका असेल तर ४, कारण दोन डोळे वेगवेगळ्या अंतरावर गेलेले असतात. १.८ मी ठेवतो दोनच प्रसंगांसाठी, एक म्हणजे उजेडच नाही, आणि दुसरा म्हणजे लांबून काढतोय, गुडघ्यापर्यंत किंवा पूर्ण उभा माणूस, तिथे अंतरामुळे डेप्थ आपोआप वाढलेली असते आणि १.८ चा खरा फायदा दिसतो. जवळून काढलेल्या चेहऱ्याला १.८ म्हणजे हौस.

आणि एक, व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नकोस. क्लिक करेपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच असते, तू ८ लाव नाहीतर १६. त्यात हल्लीचे फोकसिंग स्क्रीन उजेड जास्त दिसावा म्हणून बनवलेले असतात, त्यांच्यावर १.८ ची खरी डेप्थ दिसतच नाही, २.८ च्या आसपासची दिसते. म्हणून तर नजरेला सगळं शार्प वाटतं आणि घरी आल्यावर रडू येतं.

झटपट

तेच म्हणालो. २.८.

जुनी_काच

तू गप रे.

धावती_पावलं

बसलेल्या आजीचं झालं, आता धावणाऱ्या पोरांचं बोला की कोणीतरी. माझी साडेचार वर्षांची आहे, तिला खुर्चीत बसवायचं म्हणजे दोन सेकंद. मी या सगळ्या चुका करून मोकळी झालेय तर माझा अनुभव लिहिते. सिंगल एएफ मध्ये हाफ प्रेस केलं की फोकस तिथेच गोठतो, पोरगी तोवर हातभर पुढे आलेली असते. कंटिन्युअस लावा, कॅनॉनमध्ये त्याला सर्वो म्हणतात, निकॉन सोनीत एएफ-सी. त्यात टिट वाजत नाही, सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, मग सवय होते. मात्र त्यात फोकस करून कॅमेरा फिरवायचा नाही, फिरवला की कॅमेरा मागच्या पडद्यावर फोकस नेऊन ठेवतो. ॲपर्चर ४, शटर १/५००, चारपाच फोटोंचा बर्स्ट, त्यातला एक लागतो. आणि मी तिच्या उंचीला खाली बसते, म्हणजे उभ्याने खाली बघून काढला की कपाळ जवळ आणि हनुवटी लांब, डेप्थ तिथेच संपते.

बॅक बटन फोकस पण शिकले मधे, मागच्या बटणावर अंगठ्याने फोकस आणि पुढच्या बटणावर फक्त क्लिक. काही जणांना जमतं. मला अजून गोंधळायला होतं, खरं सांगते.

आरसाविरहित

जुनी काच, ड्रायव्हरचं बोललात ते लागलं 🙂 पण भोकाचं गणित आवडलं, मी कधी तसा विचारच केला नव्हता. एक शंका, मग दोन मीटरवरून ८५ नी काढायचं २.८ ला की ५० नी १.८ ला?

जुनी_काच

८५ भागिले २.८ म्हणजे ३० मिमी, ५० भागिले १.८ म्हणजे २७.८. लांबच्या पार्श्वभूमीला जवळपास सारखंच, ८५ किंचित पुढे. चेहरा ८५ मध्ये मोठा भरेल आणि मागचा पसारा कमी दिसेल. मी ८५ घेईन, पण आपल्याकडे जी असेल ती चांगली.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, विषय निघालाच आहे तर. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नावाची बाई होती इंग्लंडात, वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ मध्ये, तिला घरच्यांनी कॅमेरा भेट दिला. तिने मुद्दाम सॉफ्ट पोर्ट्रेट काढली आणि तेव्हाच्या जाणकारांनी तिला फोकस येत नाही म्हणून झोडपलं. आज तीच चित्रं संग्रहालयांत आहेत. आणि १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँसेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी गटच काढला, नाव ठेवलं एफ ६४, म्हणजे सगळं काठोकाठ शार्प पाहिजे. एफ ६४ ऐकून घाबरायला होतं ना? पण ते आठ बाय दहा इंची फिल्म वापरायचे, त्यावरच्या ६४ ची डेप्थ आपल्या फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) साडेआठच्या आसपास येते. तेव्हा ८ सांगणाऱ्या त्या मित्राला अगदीच वेड्यात काढू नकोस पोरी, मागे बघण्यासारखं काही असेल, आजीचं शिवणयंत्र, पुस्तकांचं कपाट, तर ८ लावून तेही दाखवावं. सगळंच पुसून टाकायचं कशाला.

कोवळं_ऊन

काका तुमची पोस्ट तीनदा वाचली. आरसाविरहित यांनाही धन्यवाद, पण नवीन कॅमेऱ्याचं नाव काढलं तर घरात मलाच धूसर करतील.

तर रिपोर्ट. डब्यांची परीक्षा घेतली. डब्या नव्हत्या म्हणून बुद्धिबळाची प्यादी लावली तिरकी. लाइव्ह व्ह्यूमधून दहापैकी दहा मधल्या प्याद्यावर. व्ह्यूफाइंडरमधून सात मधल्यावर, दोन पुढच्यावर, एक मागच्यावर. म्हणजे लेन्स निर्दोष मुक्त. मित्राला कळवलं, तो म्हणाला प्यादी चुकीची लावली असशील.

मग काल संध्याकाळी आजीला परत बसवलं. खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध, मी दीड मीटरवर, २.८, १/२५०, वरचा पॉइंट डोळ्यावर. आयएसओ गेला ३२०० वर, बघून धडकीच भरली, पण बावीस फोटोंपैकी सतरात डोळा शार्प आहे! पापणीचे केस वेगळे वेगळे दिसतायत. पाच गेले त्यातले तीन आजी बोलत होती म्हणून. नॉइज मात्र आहे, गालावर वाळूसारखं दिसतं. आता याला काय करू, शटर कमी करू का परत?

तिसरा_डोळा

सतरा! झालं की काम.

शटरला हात लावू नका. हिशोब बघा, १.८ वरून २.८ म्हणजे सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), १/८० वरून १/२५० म्हणजे दीडपेक्षा थोडा जास्त, दोन्ही मिळून जवळजवळ तीन स्टॉप, ४०० चे ८०० चे १६०० चे ३२००. हे होणारच होतं. नॉइज सॉफ्टवेअरमध्ये बराच निघतो, प्रिंटमध्ये तर दिसतही नाही फारसा. गेलेला फोकस कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, ओढूनताणून आणला तर पापण्या तारेच्या दिसतात. कमी करायचाच असेल तर प्रकाश वाढवा. खुर्ची भिंतीपासून ओढताना तुम्ही खिडकीपासूनही लांब नेलीत बहुतेक, ती खिडकीच्या बाजूने सरकवा, भिंतीच्या बाजूने नको. आणि संध्याकाळऐवजी सकाळी बसवा. तेवढ्याने ८०० ला आलात तरी खूप.

कोवळं_ऊन

हो हो, खिडकीपासून लांब गेली होती खरंच! बरं शेवटचे दोन प्रश्न, मग त्रास देत नाही. आजी आणि भाची दोघींचा एकत्र काढायचाय, तिथे फोकस कुणावर? मी वाचलं होतं की डेप्थ एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असते, म्हणून पुढच्या व्यक्तीच्या जरा मागे फोकस करायचा. आणि दुसरं, आजी चष्मा काढायला तयार नाहीये. काढला तरी नाकावर दोन खळगे दिसतात आणि ती ती वाटतच नाही.

धावती_पावलं

चष्मा राहू दे गं, आजी चष्म्यातलीच ओळखीची असते.

तिसरा_डोळा

एक तृतीयांशवालं लांबच्या दृश्यांना कधीतरी लागू पडतं, पोर्ट्रेटच्या अंतराला नाही. दोनतीन मीटरवर ती जवळपास निम्मी निम्मीच असते. दोघींना शक्यतो एका रेषेत बसवा, म्हणजे गालाला गाल, दोघींचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर. दोन मीटरवरून ४ ला तुम्हाला २५ सेंटीमीटर मिळतात, ५.६ ला ३५, भाची मांडीवर पुढे आली तरी निभेल. फोकस जवळच्या चेहऱ्याच्या डोळ्यावर करा, पुढचं सॉफ्ट आणि मागचं शार्प हे फार खुपतं, उलटं चालतं. आणि भाची असेल तर शटर १/२५० वर ठेवू नका, वरती धावत्या पावलांनी सांगितलंय तसं.

जुनी_काच

चष्म्याचं मी सांगतो. काड्या कानावरून अर्धा बोट वर उचलायला सांग, म्हणजे काचा जरा खाली झुकतात आणि खिडकीची चमक काचेवरून निघून जाते. नाही गेली तर हनुवटी किंचित खाली. मग फोकस पॉइंट डोळ्याच्या मधोमध ठेवण्यापेक्षा खालच्या पापणीच्या कडेवर ठेव, तिथे पांढरं आणि पापणीची रेघ मिळते धरायला, आणि वरची फ्रेम लांब राहते. तरी फ्रेमवरच बसत असेल तर लाइव्ह व्ह्यू, दहापट झूम, आणि रिंग हाताने फिरवून फोकस. आजी बसलेली आहे, पळून जात नाहीये. फक्त झूम करून फोकस झाला की तिला हसवायला जाऊ नकोस, हसली की दोन सेंटीमीटर पुढे आलीच.

कोवळं_ऊन

हसवायचं नाही हे फार अवघड आहे काका, लाइव्ह व्ह्यूचा आरसा वर गेला की खट्ट आवाज येतो आणि ती प्रत्येक वेळी विचारते, झाला का गं?